मुका संच पुन्हा गाऊ लागतो तेव्हा…

पुण्यातल्या जुन्या बिऱ्हाडांच्या दिवाणखान्यात एक वस्तू हमखास आढळते. शोकेसच्या खालच्या खणात, क्रोशाच्या रुमालाखाली ती झाकलेली असते. वर एखादी फुलदाणी, नाहीतर गणपतीची छोटी मूर्ती. रुमाल उचलला की खाली निघतो ॲम्प्लिफायर, त्याला चिकटून टेपडेक, आणि भिंतीच्या दोन टोकांना राखणदारासारख्या उभ्या असलेल्या दोन लाकडी पेट्या, म्हणजे स्पीकर. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स अशी नावं वेगवेगळी असतील. कथा मात्र घरोघरी तीच. बोनसच्या पैशांतून, चार ठिकाणी चौकशी करून, दोन महिने घासाघीस करून आणलेला तो संच. घरी आला त्या दिवशी शेजारीपाजारी ऐकायला आले होते. मग कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या, आणि घरातलं गाणं एके दिवशी ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जाऊन बसलं. संच मुका झाला.

आमच्याकडेही अगदी असंच झालं. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, संच टेपडेकचा पट्टा तुटल्यापासून बंद होता. नातवानं त्यांना मोबाइलमध्ये गाणी लावून दिली. अण्णा तो फोन कानाला लावून ऐकायचे, जणू काही भीमसेनजींचाच ट्रंककॉल आला आहे! इअरफोन त्यांच्या कानात टिकत नसत. काही दिवसांनी त्यांनी ऐकणंच सोडून दिलं. ‘‘आता कशाला? सगळं ऐकून झालंय,’’ म्हणाले. ज्या माणसानं सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्री सतरंजीवर जागून काढल्या, त्याच्या तोंडी हे वाक्य घरात कोणालाच बरं वाटलं नाही.

तेव्हा ठरवलं, की या जुन्या संचातूनच नव्या जगातलं गाणं वाजवायचं. ते जमलं, आणि वाटलं होतं त्याहून कमी खर्चात जमलं. ज्यांच्या घरी असा रुमालाखालचा संच आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

हौद आणि नळ

‘स्ट्रीमिंग’ या शब्दानं वडीलधारी मंडळी बिचकतात. पुणेकराला तो समजावून सांगणं खरं तर सोपं आहे. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांमधून शहरातल्या हौदांत आणलं. तलाव लांब; आपण हौदावर जायचं आणि लागेल तेवढी घागर भरायची. स्ट्रीमिंगचंही तसंच आहे. गाण्यांचा तलाव कुठल्या तरी कंपनीच्या संगणकांत असतो. इंटरनेट हा नळ. आपण गाणं निवडलं, की ते थोडं थोडं करून वाहत येतं आणि येता येता वाजतं. घरात काही साठवावं लागत नाही. मात्र तलाव आपला नसतो, हेही लक्षात ठेवायचं. त्याकडे पुढं येऊच.

गाण्यानं घर बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्यांवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवण्याची कला आपल्या बुजुर्गांनी कमावली. अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर ही सगळी मंडळी त्या तीन मिनिटांतून घराघरांत पोचली. केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळातही गेली. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. १९६३ मध्ये फिलिप्सनं कॅसेट काढली, १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. दर वेळी जुने लोक म्हणाले, ‘‘पूर्वीची मजा नाही,’’ आणि दर वेळी गाणं आणखी चार घरांत पोचलं.

बुधवारातली फेरी

आता मुद्द्याचं. पुण्यात विजेच्या आणि आवाजाच्या वस्तूंसाठी पाय आपोआप बुधवार पेठेकडे वळतात. औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद म्हणवली जाणारी ही पेठ आज एकाच वेळी अनेक गावं पोटात घेऊन आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, दगडूशेठच्या गणपतीपाशी हारफुलं आणि गर्दी, आणि तपकीर गल्लीत वायरी, दिवे, पंखे, माइक, स्पीकर. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं. इथं दुचाकी लावायला जागा शोधणं म्हणजे एक तपश्चर्या. पण सप्टेंबर २०२४ पासून मंडईपर्यंत मेट्रो जाते, तिथून चालत जाणं उत्तम.

मी पहिल्या फेरीत चूक केली. काउंटरवर उभं राहून म्हणालो, ‘‘मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडायची वायर द्या.’’

‘‘कुठला ॲम्प्लिफायर, काका?’’

‘‘जुना आहे.’’

‘‘जुना म्हणजे मागं भोकं कसली? फोटो आणलाय का?’’

नव्हता आणला. परत आलो, संच भिंतीपासून ओढला, वीस वर्षांची धूळ खाल्ली आणि मागच्या बाजूचा फोटो काढला. तेव्हा वाचकहो, पहिला धडा हाच. घरून निघण्यापूर्वी संचाच्या पाठीचा स्वच्छ फोटो काढा. फोनच्या तळाशी गोल भोक आहे की नाही, तेही पाहून ठेवा.

संचाच्या मागं बहुधा लाल-पांढऱ्या किंवा लाल-काळ्या गोल खोबणींच्या जोड्या दिसतात. यांना आरसीए म्हणतात. त्यांच्यावर ऑक्स, टेप, सीडी, ट्यूनर असं लिहिलेलं असेल, तर त्यातली कुठलीही येणारी जोडी चालते. टेपच्या दोन जोड्या असतात. त्यातली ‘प्ले’ किंवा ‘इन’ लिहिलेली घ्यायची, ‘रेकॉर्ड’ नव्हे. ‘फोनो’ लिहिलेल्या जोडीला मात्र हात लावायचा नाही. ती तबकडीच्या सुईसाठी असते. सुईतून येणारा विद्युत्प्रवाह अगदी क्षीण, म्हणून तिथं तो कित्येक पटींनी वाढवतात, आणि तबकडीवर दाबलेला खर्जही वर उचलतात. मी नेमका तिथंच मोबाइल जोडला, आणि आवाज असा फाटला, की स्वयंपाकघरातून ‘‘काय पडलं?’’ अशी विचारणा झाली. काही जुन्या संचांना आरसीएऐवजी पाच टाचण्यांची गोल डिन खोबण असते. तिलाही जोडणारी वायर बुधवारात विचारल्यास मिळते.

फोनच्या बाजूची छोटी पिन म्हणजे साडेतीन मिलिमीटरची. दुकानदार तिला ‘ईपी’ म्हणतात. तेव्हा मागायचं ते असं : ‘‘ईपी स्टिरिओ टू दोन आरसीए, दीड मीटर.’’ एवढं शुद्ध वाक्य बोललात, की काउंटरपलीकडचा माणूस तुमच्याकडे आदरानं पाहतो.

तीन वाटा

गाणं फोनमधून संचात नेण्याच्या ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे ही वायर. सर्वांत स्वस्त, आणि आवाजालाही चांगली. घरात निवृत्त झालेला एखादा फोन असतोच. त्यातलं सिमकार्ड काढा, वाय-फाय चालू ठेवा आणि तो कायमचा संचाशेजारी ठेवून द्या. मग गाण्याच्या मध्येच कोणाचा फोन येऊन समेवर घंटी वाजत नाही. दोन गोष्टी सांभाळायच्या. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त करायचा तो ॲम्प्लिफायरच्या बटणानं. उलट केलं तर खरखर वाढते. आणि फोन चार्जिंगला लावून वाजवताना गुंगुं असा आवाज आला, तर घाबरू नका. चार्जर आणि संच या दोघांच्या विजेच्या वाटा वायरीतून एकमेकींना मिळाल्या, की असं होतं. चार्जर काढला की तो थांबतो. नव्या फोनना गोल भोकच नसतं. त्यांना टाइप-सीचा छोटा कन्व्हर्टर लागतो.

दुसरी वाट ब्लूटूथची. काडेपेटीएवढा रिसीव्हर संचाला जोडायचा आणि गाणं हवेतून पाठवायचं. फोन हातात घेऊन खुर्चीत बसून गाणं बदलता येतं, ही मोठी सोय. साधारण १० मीटरपर्यंत तो चालतो, मध्ये जाड भिंत आली की कमी. पण ब्लूटूथच्या अरुंद बोळातून जायचं म्हणून गाण्याला अंग चोरावं लागतं, म्हणजे माहिती दाबून लहान केली जाते. जेवताना भावगीतं ऐकायला काहीच अडचण नाही. तानपुऱ्याचा झंकार कान लावून ऐकणाऱ्याला फरक कळू शकतो. शिवाय फोन घेऊन कोणी भाजी आणायला गेलं, की गाणंही त्याच्याबरोबर जिना उतरतं!

तिसरी वाट वाय-फायची. यासाठी ‘स्ट्रीमर’ नावाची डबी मिळते. ती घरच्या वाय-फायला जोडली, की गाणं ती स्वतःच इंटरनेटवरून ओढून घेते. फोन फक्त हुकूम सोडतो. फोन बंद करा, बाहेर जा, गाणं चालूच राहतं. आवाजही सरस. खर्च अर्थात तिन्हींत जास्त. एक गोष्ट मात्र तपासा. जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती वाय-फायला जुमानत नाहीत. राउटरवर दोन पट्टे असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा निवडावा; ५ गिगाहर्ट्झचा वेगवान खरा, पण भिंत दिसली की तो दमतो.

आमचा सल्ला असा, की आधी वायरीनं सुरुवात करावी. महिनाभर ऐकावं. घरात पुन्हा कान तयार झाले, मग पुढच्या वाटेचा विचार करावा. आधी महागडी डबी आणून ती रुमालाखाली गेली, तर काय उपयोग?

आणि हो, वर्षानुवर्षं बंद असलेला संच एकदम चालू करून सोडून जाऊ नका. आतले कपॅसिटर सुकलेले असतात. जळका वास किंवा मोठी घरघर आली तर लगेच बंद करून कारागिराला दाखवा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल, तर ते साफ करून मिळतं. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन पडते, तीही बदलून मिळते. स्पीकरची वायर जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी हे दोन्हीकडे पाहा. एकीकडे उलटी जोडली गेली, तर आवाज येतो, पण खर्ज हरवतो आणि तबल्याचा डग्गा पत्र्यासारखा वाजतो.

पाणी किती, भाडं किती

आवाजाची प्रत आकड्यांत सांगतात. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं. तेवढी सगळी माहिती नळातून आणायची म्हटली तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. पुष्कळ सेवांची वरच्या दर्जाची मर्यादा बरीच वर्षं ३२० किलोबिट होती. त्या हिशोबानं तासाभराच्या गाण्याला १४४ मेगाबाइट डेटा लागतो. ‘लॉसलेस’, म्हणजे काहीही न गाळलेलं संगीत, याच्या दुप्पट-तिप्पट घेतं. घरी ब्रॉडबँड असेल तर चिंता नाही. मोबाइलच्या डेटावर चालवणाऱ्यांनी आकडा ध्यानात ठेवावा.

ॲपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन दर्जा सर्वांत वरचा ठेवावा, कारण पुष्कळदा तो मुळात मध्यम ठेवलेला असतो. तिथंच आणखी दोन बटणं बंद करावीत. ‘क्रॉसफेड’ चालू असेल तर एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळतं. लग्नाच्या मांडवात ते ठीक, विलंबित संपून द्रुत सुरू होताना मुळीच ठीक नाही. ‘ऑटोप्ले’ चालू असेल तर भैरवी संपताच यंत्र आपल्या मनानं काहीतरी पुढं लावतं. भैरवीनंतर काही गायचं नसतं, हे यंत्राला कोण सांगणार?

राहिला पैशांचा प्रश्न. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं. त्याच वर्षी यूट्यूब म्युझिक आलं. ॲपल म्युझिक त्याआधी, २०१५ मध्ये आलं होतं आणि २०२१ पासून त्यात लॉसलेस आवाज मिळतो. जिओसावन आपल्याकडचं. फुकट ऐकलं तर मध्ये जाहिराती येतात. बड्या ख्यालाच्या आलापीनंतर साबणाची जाहिरात ऐकणं कसं वाटतं, ते अनुभवूनच पाहावं. कुटुंबाची एकत्र वर्गणी घेतली तर माणशी खर्च कमी होतो. महिनाभर दोन सेवा चाळून पाहाव्यात आणि आपल्या आवडीच्या गायकांचं मुद्रण जिथं जास्त, ती ठेवावी.

शोधण्याचंही एक तंत्र आहे. मराठी गाण्यांची नावं रोमन लिपीत कोणी कशीही लिहिली आहेत. एका स्पेलिंगनं मिळालं नाही, तर दुसऱ्यानं पाहावं, मग देवनागरीतून पाहावं. गायकाचं नाव असतं, पण कवीचं आणि संगीतकाराचं बऱ्याचदा नसतं. नाट्यपदाच्या आधी नाटकाचं नाव टाकलं तर पुष्कळदा काम होतं. सापडलेलं लगेच यादीत घालून ठेवावं. अण्णांसाठी आम्ही अशा चार याद्या केल्या आणि त्यांना नावं दिली : ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘नाट्यगीतं’, ‘झोपताना’. जुन्या फोनवर फक्त त्या चारच दिसतील असं केलं. सारेगामानं २०१७ मध्ये गाणी आधीच भरलेला ‘कारवाँ’ नावाचा रेडिओसारखा डबा काढला, तो घरोघरी का गेला याचं रहस्य हेच. आजोबांना ५,००० गाणी हवी असतात, पण बटणं चारच हवी असतात.

जे तलावात नाही ते

एका रविवारी सकाळी संच चालू केला. ‘गीतरामायण’ लावलं. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत प्रसारित झालं, आणि पुढं वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे गदिमांची ५६ गीतं महाराष्ट्रानं ऐकली. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे होते. घरी रेडिओ नव्हता. वाड्याच्या चौकात उभं राहून मालकांच्या खिडकीतून येईल तेवढं ऐकायचं. आता सुधीर फडक्यांचा आवाज दोन्ही पेट्यांमधून भरून आला, तशी आतल्या खोलीतली काठीची टकटक जवळ आली. अण्णा येऊन खुर्चीत बसले. नातू मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसला, सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. एकच गाणं चौघं मिळून ऐकत आहेत, असं आमच्या घरात किती वर्षांनी घडलं, आठवत नाही. इअरफोननं आवाज जवळ आणला खरा, पण ऐकणारी माणसं लांब केली. स्पीकरचं खरं काम आवाज मोठा करणं हे नसून माणसं एका खोलीत आणणं हे आहे, हे त्या दिवशी कळलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. तीन-चार रविवार असे गेल्यावर अण्णा म्हणाले, ‘‘माझ्या कॅसेटमधलं ते वाड्यातलं गाणं लाव.’’ गणेशोत्सवात वाड्यात झालेली एक बैठक त्यांनी स्वतः टेप केली होती. ते कुठल्या ॲपवर सापडणार? तलावात जे कंपनीनं सोडलं तेच असतं. घरच्या बैठका, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाचा हरिपाठ हे त्यात नसतं. आणि जे असतं तेही कायमचं आपलं नसतं. २०२४ या एका वर्षात भारतात रेसो आणि विंक या दोन्ही सेवा बंद झाल्या. वर्गणी थांबली, करार संपला, सेवा मिटली, की नळ कोरडा. नळ आला म्हणून कोणी घरातला माठ फोडत नाही.

म्हणून जुन्या कॅसेट रद्दीत देण्यापूर्वी त्या वाजवून पाहा. टेपडेकचा पट्टा बुधवारात बदलून मिळतो. आम्ही तेच केलं. डेकच्या बाहेर जाणाऱ्या खोबणीतून वायर संगणकाच्या ‘लाइन इन’ला लावायची, ते नसेल तर यूएसबीला लागणारी छोटी डबी मिळते. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मुद्रण करायचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला जवळची वाट नाही. फाइल ‘फ्लॅक’ या प्रकारात ठेवली तर आवाजातलं काही गळत नाही. तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मग ती स्ट्रीमरवरूनही इतर गाण्यांसारखीच वाजते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे काम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून करावं. कॅसेटवर फक्त ‘बैठक’ एवढंच पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. गाणं सुरू झालं आणि अण्णा डोळे मिटून सांगू लागले, गाणारे कोण, तबल्याला कोण, पेटी कोणाची, मध्ये खोकतंय ते कोण. मी भराभर लिहून घेत होतो. फीत गुळगुळीत झाली तर कदाचित कोणी कारागीर ती सावरेल. पण तो खोकला कोणाचा, हे सांगणारं माणूस कुठल्या दुकानात मिळणार?

मध्येच ते थांबले. बंदिशीच्या शेवटी एका बाईंचा ‘वा!’ असा हलका उद्गार आला.

‘‘ही तुझी आई,’’ अण्णा म्हणाले. ‘‘जरा मागं घे.’’

आम्ही मागं घेतलं. त्या दिवशी पाच वेळा घेतलं.